पाटलिपुत्राचा आरोग्यविहार : एका मुद्रांकावर उभा असलेला इतिहास

पाटलिपुत्राचे नाव उच्चारताच धम्माच्या अभ्यासकापुढे सम्राट अशोक, कुक्कुटाराम, तिसरी धम्मसंगीती आणि देशोदेशी निघालेले धम्मदूत उभे राहतात. याच नगरात गुप्तकाळी भिक्षुसंघाचा एक ‘आरोग्यविहार’ नांदत होता, ही गोष्ट मात्र त्या मानाने फार थोड्यांस ठाऊक असते. बोधगया, राजगृह, नालंदा, वैशाली अशी यात्रा करणारे आपल्याकडील शेकडो उपासक पाटण्यात उतरतात, रात्र काढतात आणि पुढे जातात. ज्या कुम्राहारात (तेथील लोक त्यास कुम्हरार म्हणतात) या विहाराचा पाया सापडला, तिकडे त्यांतील क्वचितच कोणाची पावले वळतात. प्रस्तुत लेखात आम्ही या आरोग्यविहाराविषयी निश्चितपणे काय सांगता येते, कोणत्या गोष्टी अनुमानाच्या आहेत, आणि त्याचा इतिहास टिकविण्यात व सांगण्यात कोठे काय बिघडत आले आहे, याचा विचार करणार आहोत.

प्रथम पुरावा पाहू. तो मुठीत मावेल इतका लहान आहे. भाजलेल्या मातीचा एक मुद्रांक. त्यावर गुप्तकालीन ब्राह्मीत ‘श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य’ अशी अक्षरे. त्याच्या जोडीला मातीच्या भांड्याची एक खापरी. तिच्यावरील पहिले अक्षर फुटून गेलेले, आणि उरलेल्या अक्षरांवरून शब्द लावला जातो तो ‘धन्वन्तरेः’, म्हणजे धन्वंतरीचे. या दोन वस्तू आणि विटांच्या एका विहाराचा पाया, एवढीच या संस्थेची शिल्लक संपत्ती. तिचा काळ इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाचा मानला जातो. दानपत्र नाही, शिलालेख नाही, वैद्यांची नावे नाहीत, रुग्णांची गणती नाही. तरीही या तीन गोष्टींच्या आधारे गेली साठ-सत्तर वर्षे ग्रंथांतून आणि पर्यटन-पुस्तिकांतून ‘गुप्तकालीन बौद्ध रुग्णालय’ हा उल्लेख अखंड होत आला आहे.

हे उत्खनन ज्यांच्या हातून झाले त्यांच्याविषयी महाराष्ट्रातील वाचकास दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील म्हाकव्याचे. राष्ट्रकूटांचा इतिहास, प्राचीन भारतातील शिक्षणपद्धती, प्राचीन राज्यव्यवस्था, गुप्तांची नाणी अशा विषयांवरील त्यांचे ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. काशी हिंदू विश्वविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केल्यावर ते पाटण्यास आले आणि काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेचे संचालक झाले. या संस्थेच्या वतीने 1951 ते 1955 या काळात त्यांनी व विजयकांत मिश्र यांनी कुम्राहारचे उत्खनन केले. त्याचा अहवाल 1959 साली प्रसिद्ध झाला. वैशालीच्या ज्या प्राचीन स्तूपातून अस्थिकरंडक निघाला, त्याचे उत्खननही 1958 च्या सुमारास याच संस्थेने अळतेकरांच्या नेतृत्वाखाली केले. बौद्ध विद्येच्या दृष्टीने एवढे मोलाचे काम एका मराठी माणसाने केले, पण त्याचा वृत्तांत इंग्रजी अहवालातच राहिला. आपल्याकडे अळतेकर आठवतात ते राष्ट्रकूटांमुळे. कुम्राहारामुळे त्यांचे नाव घेणारा आम्हांस अजून विरळाच भेटतो.

अळतेकरांच्या आधीही कुम्राहारात कुदळ पडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वॅडेल आणि पूर्णचंद्र मुखर्जी यांनी पाटलिपुत्राचा शोध घेतला. पुढे 1912-13 पासून डॉ. स्पूनर यांनी पुरातत्त्व खात्याच्या वतीने मोठे उत्खनन आरंभिले. त्यासाठी लागणारा पैसा मुंबईहून आला होता. तो दिला सर रतन टाटा यांनी. स्पूनर यांना चुनारच्या घोटीव वालुकाश्माच्या खांबांनी तोललेल्या एका प्रचंड सभागृहाचे अवशेष लाभले. खांब बहुतेक नाहीसेच झाले होते; सुमारे 15-15 फुटांवर रांगेने आढळणाऱ्या राखेच्या व दगडी तुकड्यांच्या खुणांवरून त्यांनी 72 खांबांच्या जागा निश्चित केल्या. अळतेकरांच्या उत्खननात आणखी 8 जागा मिळाल्या आणि ‘ऐंशी खांबांचे सभागृह’ हे नाव रूढ झाले. स्पूनर येथेच थांबले असते तर बरे झाले असते. इराणातील पर्सिपोलिसच्या प्रासादाशी या सभागृहाचे साम्य पाहून त्यांनी 1915 साली भारतीय इतिहासात एक ‘झरथुष्ट्री कालखंड’च असल्याचा सिद्धांत मांडला. विद्वानांनी तो लवकरच बाजूस सारला. थोड्या पुराव्यावर मोठा इमला रचण्याचा मोह या जागेला जणू पहिल्यापासूनच चिकटलेला आहे. आरोग्यविहाराविषयी बोलताना ही आठवण ठेवलेली बरी.

आता मुद्रांकाकडे वळू. मुद्रांक म्हणजे मूळ मुद्रा नव्हे, तिचा ओल्या मातीवर उमटविलेला ठसा. पत्र, गाठोडे, भांडे यांची दोरी बांधून गाठीवर मातीचा गोळा बसवावयाचा आणि त्यावर मुद्रा दाबावयाची, अशी पद्धत होती. बौद्ध विहारांच्या अशा मुद्रांकांची एक ठरावीक भाषा आहे. नालंदेच्या मुद्रांकांवर ‘श्रीनालन्दामहाविहारीयार्यभिक्षुसंघस्य’ असे असते. कुशीनगरास सापडलेल्यांवर महापरिनिर्वाण महाविहाराच्या भिक्षुसंघाचे नाव असते. कुम्राहारचा मजकूर याच घडणीचा आहे. यावरून एक गोष्ट निःसंशय ठरते : आरोग्यविहार या नावाचा एक विहार होता, तेथे भिक्षुसंघ वसत होता आणि त्या संघास स्वतःची मुद्रा वापरण्याइतका स्वतंत्र व्यवहार होता. मुद्रा बाळगणारा संघ पत्रे पाठवितो, वस्तू स्वीकारतो, देवघेवीची जबाबदारी घेतो. चार आजारी भिक्षूंसाठी तात्पुरती उभारलेली झोपडी एवढ्यावर या संस्थेची बोळवण करता येणार नाही.

परंतु याच ठिकाणी दोन शंका उभ्या राहतात, आणि त्या टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिली शंका मुद्रांकाच्या स्वभावातूनच येते. पत्राबरोबर मुद्रांक प्रवास करतो. म्हणून तो जेथे सापडला तेथलाच असतो असे नाही. एखाद्या गावी पुण्याच्या टपालकचेरीचा शिक्का असलेला लिफाफा मिळाला म्हणून ती टपालकचेरी त्या गावी होती असे कोणी म्हणणार नाही. दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे आणि ती धम्मग्रंथ वाचणाऱ्यासच सुचेल. ‘आरोग्य’ हा शब्द आपल्या परंपरेत केवळ शरीराच्या स्वास्थ्याचा नाही. धम्मपदात आरोग्यास सर्व लाभांत श्रेष्ठ म्हटले आहे. मज्झिमनिकायातील मागन्दिय सुत्तात हीच गाथा चर्चेस येते. तेथे मागन्दिय परिव्राजक आपल्या अंगावरून हात फिरवीत सांगतो की माझे हे धडधाकट शरीर म्हणजेच ते आरोग्य. आणि भगवान त्यास जन्मांधाचा दृष्टांत देऊन समजावितात की ज्या आरोग्याविषयी ही गाथा आहे ते निर्वाण होय. तेव्हा ‘आरोग्यविहार’ म्हणजे निर्वाणमार्गाचा विहार, असे निव्वळ आध्यात्मिक नाव का असू नये? त्या नावात औषधाचा वास असलाच पाहिजे असे कोठे आहे?

या दोन्ही शंकांचे उत्तर, आमच्या मते, त्या फुटक्या खापरीत आहे. एकटा मुद्रांक बाहेरून आलेला असू शकतो. एकटे नाव रूपकात्मक असू शकते. परंतु त्याच जागी धन्वंतरीचे नाव कोरलेले भांडेही निघावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. धन्वंतरी हा वैद्यकाचा अधिष्ठाता. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी हाच सुश्रुताचा गुरू म्हणून येतो. बौद्ध विहारातील भांड्यावर हे नाव येण्यास औषधोपचारावाचून दुसरे सहज कारण दिसत नाही. दोन वस्तू एकमेकींपासून स्वतंत्र असून एकाच दिशेस बोट दाखवितात, आणि म्हणून अळतेकरांनी केलेली ओळख आम्हांस ग्राह्य वाटते.

मात्र ही खापरी जेवढे सांगते तेवढेच घ्यावे. विक्रमादित्याच्या नवरत्नांत धन्वंतरीचे नाव आहे, चंद्रगुप्त दुसरा हा विक्रमादित्य, तो पाटलिपुत्राचा, तेव्हा त्याचा राजवैद्य धन्वंतरी याच आरोग्यविहाराचा प्रमुख होता, अशी साखळी वाटाडे मोठ्या आत्मविश्वासाने जुळवून देतात. नवरत्नांची ही कथा पुष्कळ उत्तरकालीन आहे, आणि ज्यांची नावे तीत एकत्र गुंफली आहेत ते सर्व एका काळचे नव्हते हेही अभ्यासकांनी दाखविले आहे. भांड्यावरील धन्वंतरी हे देवतेचे नाव असेल, वैद्याची पदवी असेल, कोणा वैद्याचे खरेच नाव असेल. विहारातील मुख्य वैद्यास ही पदवी असावी, हा तर्क संभाव्य आहे. दरबारी रत्नाची कथा मात्र सोडून दिलेली बरी.

आता फाहियानाची साक्ष. हा चिनी भिक्षू इ.स. 399 मध्ये चांगआनहून निघाला तो विनयग्रंथांच्या शोधात. चीनमधील विनयाच्या प्रती अपुऱ्या व सदोष आहेत, या एका खंतीपायी त्याने वाळवंटे आणि हिमपर्वत ओलांडले. उत्तर भारतात त्यास लिखित विनय फारसा मिळेना. आचार्य शिष्यांस मुखाने देत. अखेर पाटलिपुत्रातील महायानी विहारात महासांघिकांचा विनय हाती लागला. तेथे तीन वर्षे राहून तो संस्कृत शिकला व प्रती उतरविल्या. म्हणजे पाटलिपुत्राविषयी तो जे लिहितो ते रस्त्याने जाता जाता पाहिलेल्याचे लिहिणे नव्हे. दुसऱ्या महिन्याच्या अष्टमीस निघणाऱ्या रथयात्रेचे वर्णन केल्यावर तो सांगतो की या देशातील वैश्य गृहपतींनी नगरांत दानधर्माची व औषधांची घरे स्थापिली आहेत. दरिद्री, निराधार, पोरके, अपंग आणि रोगी तेथे येतात, वैद्य त्यांचे रोग तपासतात, ज्याला जसे पथ्य व औषध लागेल तसे दिले जाते, आणि बरे झाले म्हणजे ते आपले आपण निघून जातात. या सर्वांस काही मोल पडत नाही.

फाहियानाचा वृत्तांत 1836 मध्ये फ्रेंचमध्ये, आणि पुढे बील, जाइल्स व लेग यांच्या हातून इंग्रजीत आला, तेव्हापासून या उताऱ्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. कुम्राहारचा मुद्रांक निघाल्यावर तर दोहोंची सांगड घालणे अगदी साहजिक होते : काळ तोच, नगर तेच, विषय तोच. आम्ही या सांगडीविषयी थोडे साशंक आहोत. फाहियानाने वर्णिलेली घरे गृहस्थांनी स्थापिलेली आहेत आणि तेथे येणारे रुग्ण सामान्य जन आहेत. भिक्षुसंघाचा तो उल्लेखही करीत नाही. जो माणूस विनयासाठी एवढ्या लांब आला, त्याने भिक्षू चालवीत असलेले रुग्णालय पाहिले असते तर ते भिक्षूंचे आहे हे लिहिण्यास तो विसरला असता असे वाटत नाही. उलट मुद्रांकावर आहे तो भिक्षुसंघच, गृहपतींचा मागमूस नाही. तेव्हा पाटलिपुत्रात आरोग्यसेवेच्या निदान दोन प्रकारच्या संस्था होत्या असे समजणे अधिक सयुक्तिक : एक उपासकांच्या दानावर चालणारी सार्वजनिक औषधगृहे, आणि दुसरा संघाचा आरोग्यविहार. एक सिद्ध करण्यासाठी दुसरीचा पुरावा वापरला की दोन्हींचे वेगळेपण पुसले जाते.

मग संघाच्या या विहारात कोणावर उपचार होत असतील? याचे उत्तर शोधण्यासाठी विनयाकडे जावे लागते. महावग्गातील तो प्रसंग सर्वश्रुत आहे : अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला, जवळ कोणी नाही, भगवान आनंदासह तेथे येतात, स्वतः पाणी ओततात, आनंद त्यास धुतो, दोघे मिळून त्यास उचलून मंचकावर ठेवतात. नंतर संघास एकत्र बोलावून ते विचारतात की याची शुश्रूषा का झाली नाही. तो संघाच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून, असे उत्तर येते. त्यावर भगवान सांगतात की तुम्हांस येथे ना माता ना पिता. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील. आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी. येथवरचा भाग प्रवचनांतून नेहमी येतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. आजाऱ्याची जबाबदारी प्रथम उपाध्यायाची, मग आचार्याची, मग शिष्याची व सहनिवाशांची, आणि कोणीच नसेल तर संघाची, असा क्रम लावून दिला आहे. सेवा करण्यास सोपा रुग्ण कोणता व अवघड कोणता, शुश्रूषेस योग्य परिचारक कोणता व अयोग्य कोणता, यांची पाच-पाच लक्षणे दिली आहेत. औषध नीट तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र व वांती काढताना किळस न मानणे आणि रुग्णास धम्मकथेने धीर देणे, ही ती परिचारकाची लक्षणे. इतकेच नव्हे, रुग्ण भिक्षू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर सेवा करणाऱ्यास द्यावे असाही नियम आहे. रुग्णसेवेस कर्तव्य, कसोटी व मोबदला अशा तिन्ही अंगांनी बांधून घेणारी ही व्यवस्था केवळ करुणेच्या उपदेशापेक्षा फार पुढे गेलेली आहे.

औषधांचेही तसेच. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच भेसज्जे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवण्यास मुभा होती. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा आणि आवळा. ही यादी भेसज्जक्खन्धकात आहे, आणि आपल्याकडच्या घरातील आजीच्या बटव्याशी ती किती जुळते हे सांगण्याची गरज नाही. मुळे कुटण्यासाठी पाटा-वरवंटा व चूर्ण गाळण्यासाठी चाळणी यांनाही परवानगी आहे. संयुक्तनिकायात वैशालीच्या महावनातील कूटागारशाळेजवळच्या ‘गिलानसाले’चा, म्हणजे रुग्णशाळेचा, उल्लेख येतो, भगवान सायंकाळी ध्यानातून उठून तेथे जातात आणि रुग्ण भिक्षूंस उपदेश करतात. जीवक कोमारभच्च हा तर राजवैद्य असूनही संघाचा वैद्य झाला होता. राजगृहातील त्याचे आम्रवन आजही दाखविले जाते.

असे असले तरी या सर्व व्यवस्थेचे तोंड आतल्या बाजूस आहे. भिक्षूने उपजीविकेसाठी गृहस्थांची वैद्यकी करणे हे दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात मिथ्या आजीवात गणले आहे. प्रा. केनेथ झिस्क यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारतीय वैद्यकाच्या घडणीत श्रमणांचा, विशेषतः बौद्ध संघाचा, वाटा किती मोठा होता हे साधार मांडले आहे. विहारातील सेवा कालांतराने बाहेरच्या समाजापर्यंत पोहोचली असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते आम्हांस सर्वसाधारणपणे पटते; परंतु कुम्राहारच्या संदर्भात ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. आरोग्यविहार हा प्रथमतः संघातील आजारी, वृद्ध व दूरदेशांहून थकून आलेल्या भिक्षूंसाठी होता, आणि नगरातील इतर रुग्णांसही त्याचा लाभ होत असणे अशक्य नाही, एवढेच सावध विधान आज करता येईल. राजधानीच्या नगरात, गंगेच्या काठी, यात्रेकरू भिक्षूंची सतत ये-जा असताना अशा संस्थेची निकड किती असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

येथे शेजारच्या देशांकडे पाहिले म्हणजे आपल्या पुराव्याची तोकडी लांबी अधिक जाणवते. श्रीलंकेत मिहिन्तले येथे नवव्या शतकाच्या सुमाराच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत : अंगणाभोवती ओळीने लहान खोल्या, आणि मानवी देहाच्या आकाराची पोकळी कोरलेली एक दगडी द्रोणी, जीत रुग्णास औषधी तेलात वा काढ्यात निजवीत. सिंहलीत तिला ‘बेहेत् ओरुव’ म्हणजे औषधाची नाव असे म्हणतात. ती द्रोणी पाहिल्यावर ही जागा कशाची हे कोणास विचारावे लागत नाही. कंबोडियात तर त्याहून स्पष्ट पुरावा आहे. बौद्ध राजा सातवा जयवर्मा याच्या 1186 च्या ता प्रोम शिलालेखात राज्यभर 102 आरोग्यशाळा असल्याचे आणि त्यांच्या निर्वाहासाठी 838 गावे नेमल्याचे नोंदलेले आहे. शिवाय त्या आरोग्यशाळांच्या जागी स्वतंत्र संस्कृत शिलालेख सापडले आहेत. त्यांतील एक थेट लाओसमधील व्हिएन्तिआनजवळ मिळाला. भैषज्यगुरू बुद्धास वंदन, चारही वर्णांच्या लोकांस तेथे उपचार मिळतील अशी घोषणा, वैद्य दोन, औषधे वाटणारे, स्वयंपाकी, पाणी तापविणाऱ्या व औषध कुटणाऱ्या स्त्रिया, राजभांडारातून वर्षातून तीनदा यावयाची सामग्री, असा सर्व तपशील त्यांत आहे. आश्चर्य असे की खुद्द त्या आरोग्यशाळा लाकडाच्या असल्याने नाहीशा झाल्या. उरली ती त्यांच्याजवळची दगडी देवालये आणि हे लेख. कंबोडियात इमारत गेली आणि दप्तर उरले. पाटलिपुत्रात इमारतीचा पाया उरला, दप्तर गेले.

आपल्याकडे अशोकाविषयीही असाच गोंधळ झालेला दिसतो. दुसऱ्या गिरिलेखाच्या आधारे अशोकाने देशभर रुग्णालये बांधली असे शालेय पुस्तकांपासून भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. लेखातील शब्द ‘चिकीछा’ असा आहे. मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा. औषधी वनस्पती, मुळे व फळे जेथे नव्हती तेथे आणवून लावली, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली असे तो पुढे सांगतो. इमारतीचा उल्लेख नाही. (आपल्या सोपाऱ्यास आठव्या व नवव्या लेखांचेच तुकडे मिळाले, दुसरा लेख महाराष्ट्रात सापडलेला नाही.) राज्याच्या सीमेपलीकडच्या राजांच्या प्रदेशांतही औषधी वनस्पती पोहोचविणे हे कोणत्याही इमारतीपेक्षा लहान काम नव्हे, मग त्यास रुग्णालयाचे कोंदण देण्याची घाई कशासाठी? ‘जगातील पहिले रुग्णालय’ हा मान मिळविण्याची हीच घाई कुम्राहारविषयीही केली जाते. इ.स. 370 च्या सुमारास कॅपाडोशियातील सीझरियाच्या बिशप बेसिलने रुग्ण व निराधार यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले होते, म्हणजे जवळजवळ त्याच काळात. पहिले कोण हा वाद घालून आरोग्यविहाराचे मोल वाढत नाही. उलट एखाद्या चिकित्सक वाचकाने दावा खोडून काढला की त्याबरोबर खरी गोष्टही अविश्वसनीय ठरते. बौद्धांच्या इतिहासाकडे आधीच दुर्लक्ष झाले, पुष्कळदा ते हेतुपुरस्सर झाले, हे खरे. म्हणूनच आपण मांडलेला प्रत्येक शब्द तपासास उतरला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

या विहाराचा शेवट कसा झाला ते कोठे लिहिलेले नाही, पण नगराचा शेवट ठाऊक आहे. उत्खननाच्या थरांवरून कुम्राहारची वस्ती इ.स.पू. 600 पासून इ.स. 600 पर्यंत चालू होती आणि नंतर ती जागा सुमारे हजार वर्षे ओस पडली असे दिसते. सातव्या शतकात युआनच्वांग आला तेव्हा त्यास पाटलिपुत्र पडक्या भिंतींचे गाव दिसले. शेकडो विहारांपैकी दोन-तीन काय ते उभे होते. महापरिनिब्बान सुत्तात, पाटलिगामाची तटबंदी चाललेली असताना भगवानांनी या नगरास तीन संकटांचे भय सांगितले आहे : अग्नी, पाणी आणि आपसांतील फूट. अग्नीची खूण स्तंभसभागृहाच्या राखेत आहे. पाण्याची मात्र आजच्या पिढीसही पाहावयास मिळाली. भूजलाची पातळी वाढून उघडे ठेवलेले अवशेष वारंवार पाण्याखाली जाऊ लागले, तेव्हा 2004-05 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने सभागृहाची जागा माती व वाळू भरून झाकून टाकली. लांबून आलेल्या प्रवाशास तेथे हिरवळ दिसते आणि तो हिरमुसतो. पण उत्खननशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा नव्हता. उघड्यावर झिजणाऱ्या दगडापेक्षा जमिनीत सुरक्षित असलेला दगड पुढील अभ्यासकांच्या अधिक कामाचा.

चूक झाली ती दुसरीकडे. जे झाकले त्याचे ज्ञान तरी उघडे ठेवावयास हवे होते. 1959 चा अहवाल मोठ्या ग्रंथालयांपलीकडे सहसा मिळत नाही. त्याचा मराठी सारांश आमच्या पाहण्यात नाही. ‘श्री आरोग्यविहारे भिक्षुसंघस्य’ ही अक्षरे आपल्या किती विहारांतील मुलांनी छायाचित्रात तरी पाहिली असतील? अहवालातील आरोग्यविहाराचे प्रकरण, मुद्रांक व खापरी यांची चित्रे, फाहियानाचा तो उतारा, महावग्गाचा रुग्णसेवेचा भाग आणि जयवर्म्याचा आरोग्यशाळा-लेख, एवढे साहित्य मराठीत एकत्र आणले तर शंभर पानांचे पुस्तक सहज होईल. त्यात मूळ पाठ, त्याचा अर्थ आणि अनुमान ही तीन वेगवेगळ्या ठशांत छापावीत, म्हणजे पुरावा कोठे संपतो व तर्क कोठे सुरू होतो हे वाचकास दिसेल. यात्रेस जाणाऱ्या मंडळांनीही पाटण्यातील एक सकाळ कुम्राहारसाठी राखावी. आणि वाटाड्याने नवरत्नांची कथा सुरू केली तर त्यास ती पुरी करू देऊन मग मुद्रांकाविषयी विचारावे.

2024 च्या डिसेंबरात पुरातत्त्व खात्याने सभागृहाच्या काही खांबांच्या जागा पुन्हा उघडून पाहण्यास आरंभ केला. भूजलाची स्थिती तपासून संपूर्ण अवशेष लोकांस दाखविता येतील का, हे ठरविणे हा त्यामागील हेतू. लक्ष अर्थातच मौर्यांच्या खांबांकडे आहे. आरोग्यविहाराच्या विटा त्याच आवारात आहेत.